कवडू सोपं बोलू लागला

“चाय दे,” कवडू म्हणाला, आणि धुरपताच्या हातातलं भांडं चुलीवरच कलंडलं.

तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं असा चहा कधी मागितलाच नव्हता. “किंचित उष्ण पेय लाभेल काय?” हे त्याचं रोजचं मागणं. कवडू सातवी शिकलेला, राइस मिलमध्ये धानाची पोती तोलायचा. पण रद्दीत मिळालेल्या एका फाटक्या शब्दकोशानं त्याला पुरतं नादी लावलं होतं. बाजारात कांदे घेताना तो विचारायचा, “पलांडू शुष्क आहेत ना?” बकरी आडवी आली तर म्हणायचा, “अजे, मार्ग दे.” असा शब्द तोंडातून गेला की क्षणभर थांबायचा, गूळ चाखल्यासारखा. अख्खं कामठा गाव हसायचं. धुरपता कपाळाला हात लावायची.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी वाटलं, बरं झालं, सुटले एकदाची. तिसऱ्या दिवसापासून मात्र तिला काही सुधरेना. “भात वाढ.” “झोपतो.” एवढंच बोलणं. मागच्या वर्षी तिच्या भावाला लकवा मारला, तेव्हा आधी त्याचं बोलणंच बिघडलं होतं. पोराची सोयरीक जमत आलेली, आणि नेमकं आताच हे! पाचव्या दिवशी तिनं ऑटो बोलावला.

“आई, बाबांले काही नाही झालं. उगाच कायले घाबरून राहिली?” राजदीप म्हणाला. पण आईपुढे पोराचं काही चाललं नाही.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कवडूला दोन्ही हात वर करायला लावले. जीभ पाहिली, बीपी पाहिला, नाव-गाव विचारलं. त्यानं सगळं नीट सांगितलं.

“सगळं ठीक आहे. तक्रार काय आहे?”

“मानूस सोपं बोलून राहिला, डॉक्टरसाहेब.”

“मग चांगलंच आहे की!”

नर्स फिसकन हसली. धुरपताला एकदम रडू फुटलं.

“चांगलं कसं? घरात परका मानूस बसून राहिल्यासारखं वाटते. मले याचं काही समजत नोहतं, पन तो बोलायचा तं घर भरून जायचं. काहीही करा, याले पहिल्यासारखं करून द्या.”

डॉक्टर बुचकळ्यात पडले. काय लिहावं ते त्यांना कळेना. राजदीप फाइल धरून दाराशी उभा होता, वर पाहत नव्हता. कवडूनं बायकोकडे पाहिलं. तिचं रडणं काही त्याला सोसवेना.

“काही नाही झालं मले, राजदीपची माय,” तो हळूच म्हणाला. “रविवारी पोरीवाले येऊन राहिले ना. राजदीप म्हणे, बाबा, लगन होईपर्यंत मानसासारखं बोला.”