गाठ कुणाची

साहेबांनी हिरव्या कापडाचं गाठोडं टेबलावर आपटलं. "हे कुणी बांधलंय?"

टेबलाभोवतीच्या बायकांनी माना खाली घातल्या. ऑपरेशनची उपकरणं धुवायची, मोजायची, कापडात बांधायची आणि वाफेच्या यंत्रात घालायची, हे त्यांचं काम. या गाठोड्यात दोन चिमटे कमी होते. डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर पेशंट तिकडे आणि चिमटे इकडे, अशी गत झाली असती. बांधणारीच्या नावाची चिठ्ठी मात्र वाफेत गळून पडली होती.

"छोट्या मॅडम," साहेब वळले. "देखरेखीला तुम्ही आहात. संध्याकाळपर्यंत मला नाव हवं. नाही मिळालं तर चूक तुमची. नव्या माणसाचे आम्ही फार दिवस लाड करत नाही."

छोट्या मॅडम हे नाव बायकांनीच ठेवलेलं. वयाने सगळ्यांत लहान आणि खुर्ची सगळ्यांत मोठी. नोकरीला लागून तिला जेमतेम महिना होत होता, आणि तेवढ्यात तिची झोप उडाली होती, कपडे सैल झाले होते. सकाळी कॉलेज, दुपारपासून इथे. पुस्तक उघडलं की अक्षरांच्या जागी चिमटे दिसायचे. सोडून द्यावी ही नोकरी, असं रोज वाटायचं. पण तिच्या अभ्यासक्रमाची अट अशी, की इस्पितळात वर्षभर काम केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. नोकरी गेली की वर्ष गेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यात साहेब नियमाला पक्के. मागे एकदा दोन सख्ख्या जावा एकाच टेबलावर काम करताना सापडल्या, तर 'नाती घरी ठेवून यायची' असं म्हणून एकीला त्यांनी त्याच दिवशी घरचा रस्ता दाखवला होता.

आईला विचारायचीही सोय नव्हती. ही जागा निघाल्याची बातमी आईनेच आणलेली, अर्ज करायलाही तिनेच मागे लागून लावलेलं. मुलीला टेबलखुर्चीचं काम मिळालं तेव्हा आई कितीतरी वेळ नुसती हसत बसली होती. आता सोडते म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?

आणि त्यावर हे गाठोडं. गाठ तिने पाहताक्षणी ओळखली होती. दोन फेरे, वर फास आणि शेपूट आत खोचलेलं. अशी गाठ मारणारी तिथे एकटी मावशी. सगळ्या मावशी म्हणायच्या, म्हणून तीही मावशीच म्हणायची.

दुपारी जिन्याखाली तिने मावशीला गाठलं. "ते तुमचंच ना?"

"माझंच." मावशीने आढेवेढे घेतले नाहीत. "हल्ली जवळचं नीट दिसत नाही. मोजताना चुकले."

"मग तिथे का नाही बोललात?"

"मी बोलले तर म्हणतील, बाईने आपणहून सांगितलं म्हणून मॅडम सुटल्या. तुम्ही पकडा. चारचौघींत पकडा, आणि चांगलं तोंड सोडा. मऊ लागलं की लोक कोपराने खणतात."

"मला नाही जमणार. मी सांगते, मला काही कळलं नाही. काढू देत मला. तसंही सोडायचंच आहे."

"आणि परीक्षा?"

ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"मला काही काढत नाहीत," मावशी म्हणाली. "फार तर धुलाईला टाकतील. तिथे मोजायचं काही नसतं."

धुलाई म्हणजे तळघर. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहून रक्ताच्या चादरी उकळायच्या. मावशीचे गुडघे जिन्याच्या चार पायऱ्यांनाही कुरकुरत, हे तिला ठाऊक होतं. तरी ती "नको" म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. तिने गाठोडं उचललं. "ही गाठ मावशींची आहे." पहिल्या वाक्याला आवाज कापला. मग कापेना. "दिसत नसेल तर घरी बसा, मावशी! तुमच्या डोळ्यांपायी एखाद्याचा जीव जाईल. पगार कशाचा घेता?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "चुकलं, मॅडम," मावशी म्हणाली.

"शाबास!" साहेब खूश झाले. "नुसत्या गाठीवरून माणूस ओळखलात. नजर आहे तुम्हाला. नोकरी पक्की समजा. आणि मावशी, उद्यापासून तळघरात."

क्षणभर तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. महिन्याभरात पहिल्यांदा कुणी शाबास म्हटलं होतं. आणि मग त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली. पगाराचं तर कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनेच घातलं होतं.

कपडे बदलायच्या खोलीत मावशी एकटीच होती, बाकावर बसून गुडघे चोळत. तिला पाहून उठायला लागली.

"बसा. मी उद्यापासून येत नाही," ती म्हणाली. "मला हे तोंड घेऊन इथे बसता येणार नाही."

"येशील," मावशी म्हणाली. "न येऊन काय होईल? माझं तळघर चुकणार नाही, आणि तुझं वर्ष बुडेल. झालं ते दोघींचं फुकट जाईल."

तिला हुंदका आवरेना. मावशीच्या गुडघ्यांपाशी ती खाली फरशीवरच बसली. "आई, घरी चल," ती म्हणाली. दारात बायकांची चाहूल लागली, तशी मावशी झटकन उठली, तिच्यापासून दोन पावलं लांब सरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्या वेळेवर येते, मॅडम."