पाटीला हात

साथीच्या भीतीने कोन गावाने वेशीवर बांबू आडवे बांधले आणि काशीरामच्या हाती ताप मोजायची बंदूक दिली. आकडा शंभरावर गेला की येणारा आल्या पावली परत.

गोदू कोळीण रोज सकाळी मासळी घेऊन यायची. पहिल्या दिवशी तिचा आकडा आला चौऱ्याण्णव. दुसऱ्या दिवशी एक्क्याण्णव, मग अठ्ठ्याऐंशी. काशीरामला उलट बरंच वाटलं. धास्ती तापाची होती, गारव्याला कोण भितो?

"डोक्यावर बर्फाची पाटी हाय दादा," गोदू हसायची. "मला ताप कुठनं येल?"

ताप मोजताना उतरवलेली झाकली पाटी पुन्हा डोक्यावर चढवायची तर दुसऱ्याचा हात लागतोच. कुणी कुणाला शिवत नव्हतं ते दिवस. बाकीचे तोंड फिरवायचे. काशीराम मात्र हात लावायचा. पाटी भलती जड असायची.

आज आकडा आला पंच्याऐंशी. काशीरामने पाटी चढवून दिली, गोदू गावात गेली.

मागोमाग मैना कोळीण आली. तिच्या पाटीत नुसते सुके बोंबील होते.

"ताजी मासळी नाय?"

"बर्फ कुठाय दादा? कारखाना आठ दिस बंद हाय."

काशीरामने तिचा ताप मोजला. अठ्ठ्याण्णव. बंदूक तर ठीक होती.

भर उन्हात त्याने ती स्वतःच्या कपाळाला लावली.

चौऱ्याण्णव.

मैना पाटीशी वाकून उभी होती. "दादा, हात लावा ना जरा."