खाडीचं पाणी

हमीदने दोन्ही बोल्ट काढले आणि पान्याच्या मुठीने हलकेच ठोकलं. इंजिनावरचं थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापलं की पाणी सोडणाऱ्या झडपेचं, हाउसिंग निघून हातात आलं. आतून अॅल्युमिनियम जागोजाग खाल्लेलं, कडेला पांढरा थर. थर्मोस्टॅटही त्यातच अडकून बसलेला. हमीदने थोडा थर नखाने खरवडून जिभेवर टेकवला. बारा वर्षं लाँचची इंजिनं सांभाळलेला माणूस तो.

"खारं पाणी. खाडीचं," तो बोलून गेला.

डॉक्टर आगाशे ओटीवरून खाली उतरले. फाटकापाशी त्यांचा ड्रायव्हर उभा होता.

"रघू, दहा वर्षं गाडी चालवतोस आणि रेडिएटरमध्ये खाडीचं पाणी? काल वाटेत गाडी उकळली, बाळंतिणीपाशी मी दोन तास उशिरा पोचलो. बाई वाचली हे तिचं नशीब. उद्यापासून येऊ नकोस."

रघूने मान खाली घातली.

हमीदला आपल्याच जिभेचा राग आला. रघू मैलभर चालून विहिरीचं पाणी आणील, पण खाडीचं घालायचा नाही. मग हा गप्प का?

"डॉक्टरसाहेब, गाडी जुनी आहे. जुनेपणानंही कधीकधी..."

"आत्ताच खारं म्हणालास ना?"

"पाणी मी घातलं."

डॉक्टरांच्या पत्नी, मथुराबाई, दारात उभ्या होत्या.

"तुम्ही मुंबईला होतात, रघू गावी होता. भाट्याच्या खाडीवर, तरीच्या धक्क्यापाशी गाडी उकळली. जवळ दुसरं पाणी नव्हतं."

"गाडी तिथवर नेली कोणी?"

"मीच." त्यांनी उजवा तळहात पुढे केला. त्यावर भाजल्याचा गुलाबी डाग होता. "हे पेजेच्या टोपानं भाजलं नव्हतं. रेडिएटरच्या झाकणानं भाजलं."

त्या हाताची पट्टी डॉक्टरांनी पंधरा दिवस स्वतः बदलली होती. त्यांनी रघूकडे पाहिलं. गाडी शिकवली कोणी, हे मात्र विचारलं नाही.

हमीद खाली वाकला. हाउसिंग बसायची जागा पात्याने खरवडून स्वच्छ केली, पुठ्ठ्याचं पॅकिंग कापून लावलं आणि मागेच मुंबईहून बोटीने मागवून ठेवलेलं नवं हाउसिंग नव्या थर्मोस्टॅटसकट बसवलं. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले.

"रघू," डॉक्टर म्हणाले, "विहिरीचं पाणी आण."

रघू धावतच गेला.

पाणी भरून हमीदने इंजिन चालू केलं. वरच्या रबरी नळीवर हात ठेवून पाहिला.

"वहिनी, या इथं. नळी आता गार आहे. थर्मोस्टॅट उघडला की गरम लागेल. इंजिन तापूनही ही गारच राहिली, तर समजायचं, अडकला. मग गाडी बाहेर काढायची नाही."

मथुराबाई पायरीवरच थांबल्या. नवऱ्याकडे पाहू लागल्या.

"पदर खोच," डॉक्टर म्हणाले. "पंखा फिरतोय."

त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला, खाली आल्या आणि नळीवर हात ठेवला. तिघे पुरुष त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"उघडला," त्या म्हणाल्या.