सतरा नंबरची भूक

"मला भूक लागलीय गं, चल, बस माझ्याबरोबर."

बाबांचा तो आवाज. ती शाळेतून आली की स्वयंपाकघराच्या दारातून यायचा. जेवायच्या नावाने रडणारी पोर ती, पण बाबा भुकेले आहेत म्हटलं की मुकाट पानावर बसायची. पुढे बाबांना कंपवात जडला, डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणाले. हात पाण्यातल्या चंद्रासारखा हलू लागला. चमचा ओठांपर्यंत पोचता पोचता रिकामा होऊ लागला. अंगावरचं मांस ओहोटीसारखं उतरत गेलं. आवाजही बारीक झाला, तिचं लग्न झालं, वाक्य मात्र तेच राहिलं. मला भूक लागलीय गं.

बाबा गेल्यावर काही वर्षांनी ती प्रयोगशाळेत भूकच शोधत होती. माणूस उपाशी असला की रक्तात एक संप्रेरक चढतं आणि मेंदूला निरोप देतं, जेव. तिचं म्हणणं असं की पार्किन्सनमध्ये हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी हा निरोप मुका होतो. आतापर्यंतचे सगळे आकडे तिच्या बाजूने होते. आड येत होते ते फक्त बाबा. त्यांना तर शेवटपर्यंत भूक लागायची.

रुग्णांशी तुलना करायला निरोगी माणसं हवी होती आणि ती मिळेनात. मग घरचीदारची ओढून आणली. ग्रंथपाल आला, दोन शिक्षिका आल्या, रक्त घेणाऱ्या सिस्टरांचा भाऊ आला. तिने स्वतःचंही रक्त दिलं. नवरा पुस्तकबांधणीचं काम करायचा, तो कुरकुरत आला. बारा तास उपाशी ठेवायचं आणि वर सुई टोचायची, हा कसला पाहुणचार, म्हणाला. बाटल्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. कुठला नंबर कोणाचा, ते सिस्टरांच्या वहीत. वही कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला. नियम तिचाच होता. माणूस कळला की आकडा सरळ दिसत नाही, असं ती म्हणायची.

निरोगी माणसांतला सतरा नंबर मुका निघाला.

तिने तो पुन्हा तपासला. तिसऱ्यांदा तपासला. बारा तासांच्या उपासानंतरही आलेखाची रेघ जमिनीवर पडलेल्या दोरीसारखी सपाट.

त्या दिवशी तिच्या पोटात भीती येऊन बसली. डबा भरलेला परत जाऊ लागला. हेच ते, तिला वाटलं. सतरा मीच. ती खिडकीच्या उजेडात हात धरून बघायची. अक्षर बारीक झालंय का, म्हणून जुन्या वह्या काढून ताडून पाहायची. चालताना दोन्ही हात सारखे हलतात ना, हे दुकानांच्या काचांत बघत बघत घरी यायची. घरी कुणाला काही बोलली नाही. नवरा रोज हाक मारायचा, मला भूक लागलीय, चल, बस. त्याच्यासाठी म्हणून ती दोन घास गिळायची. एका संध्याकाळी तो बांधणीच्या टोच्याने कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडत बसला होता. चामडं सैल पडलंय, म्हणाला. ती तेव्हा स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी ती कपाटासमोर जाऊन उभी राहिली. कुलूप लावा म्हणणाऱ्याही तुम्हीच आणि उघडा म्हणणाऱ्याही तुम्हीच, सिस्टरांनी टोमणा मारला. तिने उजवा हात टेबलावर ठेवला. मग हळूच विचारलं, सतरा मी आहे का?

सिस्टरांनी वही उघडली. बोट खाली सरकत गेलं, थांबलं. त्यांनी वही मिटली.

"तुम्ही नाही. याच्यापुढे काही विचारू नका. घरी जा, मॅडम."

बोलताना त्यांनी वर पाहिलं नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरली. कोपऱ्यावरच्या बेकरीतून गरम पावाचा वास आला आणि अकरा दिवस निजलेली पाखरं पोटात एकदम किलबिलली.

नवऱ्याने ताटं वाढूनच ठेवली होती. मला भूक लागलीय, चल, म्हणाला. ती हात धुऊन बसली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. बाटल्या, सपाट रेघ, आपली भीती, सिस्टरांचा टोमणा. बोलता बोलता जेवत होती, जेवता जेवता हसत होती.

"कोण असेल गं तो सतरा?" त्याने विचारलं.

कोणी का असेना बिचारा, ती म्हणाली. मग त्याने विचारलं, त्या बिचाऱ्याचं पुढे काय होतं. आधी भूक जाते, तिने घास घेत सांगितलं, माणूस वाळत जातो, कपडे सैल होतात, आणि मग कधीतरी हात...

तिचा घास तोंडातच थांबला. त्याच्या समोरचं ताट तसंच होतं. अन्न पातळ पसरून वाढलेलं, लांबून भरल्यासारखं दिसणारं. तिची नजर त्याच्या पट्ट्याकडे गेली. नव्या भोकाच्या पुढे आणखी एक नवं भोक होतं.

"तू जेवत का नाहीस?" तिने विचारलं. "आत्ता म्हणालास ना, भूक लागलीय."

त्याने चमचा ताटाच्या कडेला ठेवला.

"ते तुझ्या बाबांनी शिकवलं मला. जायच्या आदल्या आठवड्यात म्हणाले, 'जावईबापू, पोरीला एकटीला घास उतरत नाही. मला भूक लागलीय, असं तिला रोज सांगत जा. मीही जन्मभर तेच करत आलो. मला तरी कुठे भूक लागते?'"

त्याने आपलं ताट तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाला,

"मलाही नाही लागत गं. दोन वर्षं झाली."