न दुभागलेल्या पेशी

“अजून एकदा कर,” सूक्ष्मदर्शकावरून डोळा न उचलताच सर म्हणाले.

तिने कपाळाला हात लावला. तिचा प्रबंध टेबलावर पडून होता. सर हो म्हणाले की तो सादर होणार होता, आणि तो सादर झाला तरच नोकरी. ती जागाही उद्यापर्यंतच तिच्यासाठी राखलेली. पण सरांचं ‘अजून एकदा’ काही संपत नव्हतं. सकाळीच आईने फोनवर ऐकवलं होतं, “पाव फुगवायला एवढी वर्षं लागतात होय गं?”

यीस्टच्या पेशींत तिने विषाणूचं एक प्रथिन घातलं होतं. साध्या पेशी वाढायच्या, दुभागायच्या, पुन्हा वाढायच्या. या मात्र नुसत्याच लांबत जायच्या. एकीच्या दोन काही व्हायच्या नाहीत.

“ह्या पेशी बिघडलेल्या वाटतात,” सर पुटपुटले.

“कसल्या बिघडल्यात, सर!” तिचा आवाज चढला. “गुणसूत्रं दुप्पट झालीत. आकार पुरेसा वाढलाय. दुभागायला सगळं तयार आहे. ते प्रथिन तेवढं सांगत राहतं, थांब, तुझी तयारी झाली नाही. आणि ह्या वेड्या ऐकतात!”

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. सरांनी आता डोळा उचलला.

“आणि पेशी अडवून विषाणूला काय मिळतं?” त्यांनी तोंडी परीक्षेत विचारावं तसं विचारलं.

“त्याचं फावतं, सर. माणसाच्या पेशीत पाहिलंय लोकांनी. पेशी थांबून राहिली की त्याला आपल्या प्रती काढायला बरं पडतं.” मग तिला राहवलं नाही. “तुम्हाला काय मिळतं?”

सरांनी चष्मा काढला. पुसला. स्वच्छच होता तो. भोवतीच्या टेबलांवरची यंत्रं कधीचीच झाकून ठेवलेली होती. त्यांनी प्रबंध पुढे ओढला आणि सही केली. एकही पान न उलटता.

“वाचलाय मी. मागेच. चांगला आहे,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “निवृत्त माणसाला विद्यार्थी असेपर्यंतच प्रयोगशाळेची खोली ठेवतात गं. दर वेळी ऑफिसात सांगत आलो, आमच्या विद्यार्थिनीची तयारी अजून झालेली नाही.”