मोहरीच्या जुड्या

१९९६ साली सुरतेच्या पांडेसऱ्यामागच्या, कापड मिलच्या रंगीत पाण्याने नासलेल्या शेतात एका संशोधक साहेबांनी मोहरी लावली. मोहरी मातीतलं विष ओढून घेते, म्हणून पाला खायचा नाही, जाळायचा, असं बजावलं. पीक तरारलं, तसा शेतमालक ठाकोरभाई मजूर वेणूबाईला म्हणाला, “मासी, जुड्या बांधा. लिंबायतला सगळं खपतं.” वेणूबाई त्याच लिंबायतच्या मजूरवस्तीतली. ती साहेबांकडे गेली. “बाई, माती सुधारली, माझं काम झालं,” साहेब जेवता जेवता म्हणाले. “पाला कोण खातो, हा माझा विषय नाही.” “मग एक जुडी तुमच्या डब्याला देऊ?” साहेबांनी डबा झाकला. वेणूबाईने शेतातल्या पंपाचं रॉकेल साऱ्या जुड्यांवर ओतलं. साहेब त्याच मातीच्या जोरावर मोठे प्राध्यापक झाले. ठाकोरभाईने प्लॉट पाडून शेत विकलं. वेणूबाईला पुन्हा शेतकाम मिळालं नाही; त्या दोघांचं नाव निघालं, की ती अजून थुंकते.