एकशे सत्तर ग्रॅम

“परत मोजलंस व्हय?” मल्लव्वा दारातूनच म्हणाली. “लेकराचं लंगोट हाय का मेथीची जुडी?”

राजनंदिनीने सासूकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डायपर होता. तीस ग्रॅम. सकाळी आठला कोरा घातला तेव्हाही तीसच. आता दीड वाजला होता.

आठ महिन्यांच्या श्रीदेवीला कालपासून ताप होता, दूध पोटात ठरत नव्हतं. डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, दोनपर्यंत लघवी झाली नाही तर वाट बघत बसू नका, लगेच आणा, सलाईन लावावं लागेल. डायपर कितीही भिजला तरी वरून कोरडाच लागतो. म्हणून हा काटा.

“आत्या, रिक्षा बोलावते.”

“ह्या महिन्यात तिसऱ्यांदा? दोनदा डॉक्टरनं हसून माघारी लावून दिलं की.” मग मल्लव्वाचा आवाज मऊ झाला. “कालपास्नं तुझ्या पोटात अन्नाचा कण न्हाय. हिच्या आधी तूच पडशील. जा, दोन तांबे अंगावर घेऊन ये. तवर मी हाय की हितं.”

तोच डायपर लेकीला परत बांधून राजनंदिनी गेली आणि पाच मिनिटांत ओल्या केसांनी परतली. मल्लव्वाने डायपर पुढे धरला.

“घे. मोज.”

एकशे सत्तर.

तिने दुसऱ्यांदा ठेवून पाहिला. ओल लागली की रंग बदलणारी मधली पिवळी रेघ निळी झाली होती. डायपर टम्म फुगलेला, हाताला गार. तिने दाबला, पिळला. एक थेंब बाहेर आला नाही.

“आपला टॉवेल पिळला की पाणी सोडतो,” मल्लव्वा म्हणाली. उभा जन्म तिचा मागावर टॉवेल विणण्यात गेला होता. “ह्यो बघ, गिळून गप बसतो. लई इमानी.”

राजनंदिनी फरशीवर बसली आणि रडता रडता हसली. मग तिने फोन लावला.

“नक्की झाली?” डॉक्टरांनी विचारलं.

“मोजलीय. एकशे चाळीस ग्रॅम.”

“मग आणायची घाई नको. चमच्याने पाणी देत राहा.”

श्रीदेवीची सकाळपासूनची किरकिर थांबली होती. चमचा ओठांना लावला, पण तोंड उघडलं नाही. पाणी हनुवटीवरून ओघळलं.

“दमलंय लेकरू. झोपू दे.”

पाच वाजले तरी ती झोपलेलीच होती. खालच्या मजल्यावरचे माग खडखडत होते, पण तिची पापणीही हलत नव्हती. मल्लव्वाने ताट वाढलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. राजनंदिनीने दुसरी भाकरी मागून घेतली.

मल्लव्वा समाधानाने बघत राहिली. ताट रिकामं झाल्यावर तिने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला.

“आता सांगते, रागवू नगंस. त्या लंगोटात वाटीभर पाणी मीच वतलं हुतं. न्हायतर तू जेवली असतीस व्हय?”